माझ्या चेहऱ्यावरची पेन्सिल

गेल्या पाच वर्षांत माझे पाच फोटो निघाले आणि पाचही खोटे आहेत. त्यातले चार मी स्वतः खोटे केले. पाचवा कुणी केला ते शेवटी सांगतो. आजाराबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण माझं नुकसान आजारानं थोडं केलं आणि या फोटोंनी जास्त.

अक्षर मोठं काढतोय. उजव्या डोळ्यानं मला उजेड आणि अंधार एवढंच कळतं, डाव्यानं अजून लिहिता येतं. ज्यांचा चेहरा माझ्यासारखा लाल आहे त्यांनी हे वाचावं. ज्यांचा नाही त्यांनी निदान आम्हाला सकाळी सकाळी "काय, घेतली वाटतं?" असं विचारू नये.

मी सोलापुरात एका फोटो स्टुडिओत चौदा वर्षं रिटचिंग केलं. फोटोत चेहऱ्यावर जो डाग काळा उमटतो, तो निगेटिव्हवर काचेसारखा मोकळा दिसतो. त्या जागी मीडियम नावाचं चिकट औषध कापसानं लावायचं आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं बारीक ठिपके भरत जायचं. जागा भरली की फोटोतला डाग गेला. देवीचे वण, मुरुम, भाजल्याच्या खुणा, सगळं मी घालवलं आहे. निम्म्या सोलापूरच्या पोरी माझ्या पेन्सिलीखालून सासरी गेल्या, असं आमचे मालक गिऱ्हाइकांना सांगायचे. मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांचं घर तेलुगू, वडील हातमागावर बसलेले, आणि यांनी माग सोडून कॅमेरा धरलेला.

दुष्काळाच्या वर्षी उन्हाळ्यात माझं नाक आणि दोन्ही गाल तापायला लागले. चहा घेतला की लाल, उन्हातून आलो की लाल, भाकरीबरोबर शेंगाचटणी खाल्ली की लाल. आपल्याकडे या तीन गोष्टी सोडल्या तर माणसानं जगायचं कशावर? पुढे लाली उतरेनाशीच झाली आणि तिच्यावर पुटकुळ्या आल्या. डोळे चुरचुरायचे, सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. ते मी बारीक कामाच्या माथी मारलं.

मी दारूला शिवलेलो नाही. पण लाल नाकाच्या माणसाचं हे कोण ऐकतो?

एकच जागा बरी होती, डार्करूम. तिथे लाल बल्ब असतो आणि त्या उजेडात सगळ्यांचेच चेहरे एका रंगाचे होतात. शिवाय उन्हाळ्यात औषधं तापू नयेत म्हणून ट्रेखाली बर्फ ठेवायचो. त्या बर्फाच्या पाण्यात फडकं पिळून चेहऱ्यावर धरलं की दहा मिनिटं मी माणसात यायचो. इतक्या वर्षांत जेवढे उपाय केले, त्यातला खरा गुण त्या फडक्याचा होता. पण फुकटच्या फडक्याला औषध कोण म्हणतं?

*

दसऱ्याला स्टुडिओत कॅमेऱ्याची पूजा व्हायची. कॅमेऱ्याला झेंडूचा हार घातला की अण्णा पहिला फोटो घरच्या माणसांचा काढायचे, मग कामावरच्या प्रत्येकाचा एकेक. त्या वर्षी माझी निगेटिव्ह माझ्याच टेबलावर आली. नाक आणि गाल मोकळे, भगदाडासारखे. मी इकडेतिकडे बघितलं आणि पेन्सिल घेतली. तासाभरात माझा चेहरा लग्नातल्यासारखा झाला. पुढच्या तीन दसऱ्यांनाही तेच केलं. यात काही पाप आहे असं तेव्हा वाटलं नाही. जगाला करून देतो ते स्वतःला केलं, एवढंच.

*

मेहुण्याच्या पोराच्या बारशाला मोहोळला गेलो होतो. बाळ सगळ्यांच्या हातातून फिरत होतं. कुणीतरी म्हणालं, "जावयाकडं द्या की पोराला." सासूबाई म्हणाल्या, "झोपलंय ते, ऱ्हाऊ द्या." पोर टक्क डोळे उघडून माझ्याकडे बघत होतं.

परतीच्या एसटीत माझी बायको शालन खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "आईला कळत न्हाय. तुमी मनावर घिऊ नका."

"काय म्हणत्यात तिकडं?"

तिनं पदर तोंडावर ओढला. मला कळलं. महारोग. तो शब्द आमच्या घरात त्यानंतर कधी कुणी उच्चारला नाही आणि तो कधी घराबाहेरही गेला नाही. मी माझं ताट वेगळं घासायला लागलो. शालननं ते बघितलं आणि एका दुपारी दोन्ही ताटं उचलून एकाच बादलीत आपटली.

मग उपाय सुरू झाले. न्हावी म्हणाला, रगडलं की रक्त फिरतंय. त्यानं रगडलं आणि दोन दिवस माझं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं झालं. एका वैद्यांनी गालांना जळवा लावल्या. रक्त बिघडलंय, म्हणाले. दोन जळवा इमानदारीनं प्यायल्या, तिसरी नाकावरून घसरून मिशीत शिरली. वैद्य हसले, मीही हसलो. घरी येऊन मोरीत बसलो आणि रडलो. आपल्या तोंडाला किडे लावून घ्यायला आपण आपल्या पायांनी चालत गेलो, हे मला सहन होईना.

*

अण्णांनीच एका कातडीच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. गावाबाहेरून ठरावीक वारी यायचे. भला माणूस होता, आणि जे झालं त्यात त्यांची चूक नव्हती हे मी आधीच लिहून ठेवतो.

त्यांनी टाचणी टोचून बघितली. लागतंय का? लागतंय. कानाची पाळी दाबून बघितली. म्हणाले, "तो रोग नाही. मनातून काढून टाका."

मला उठून नाचावंसं वाटलं. पण लगेच पुढचा प्रश्न आला. "कधीपासून आहे हे?"

चार वर्षं म्हणालो असतो तर सगळं वेगळं झालं असतं. पण माझ्या डोक्यात बसलं होतं की जुनं म्हटलं तर हे पुन्हा टाचणी घेतील, पुन्हा तपासतील, आणि या खेपेला तो शब्द म्हणतील. आत्ताच सुटलोय तर सुटू द्या.

"चार-सहा महिने," मी म्हणालो.

"एखादा आधीचा फोटो असेल तर आणा. कळेल मला."

फोटो! फोटोवाल्याकडे फोटो मागितला. दुसऱ्या खेपेला चारही दसऱ्यांचे घेऊन गेलो. त्यांनी खिडकीशी धरून एकेक बघितला. गाल स्वच्छ, नाक स्वच्छ. हातभर अंतरावरून माझी पेन्सिल ओळखणारा माणूस आजवर भेटला नव्हता, ते डॉक्टरही तसे नव्हते.

"म्हणजे नवीनच आहे. मुरुमाचा प्रकार दिसतो," ते म्हणाले. "लाइट देऊन बघू. आठवड्यातून दोनदा."

डोळ्यांचं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. चेहऱ्याच्या डॉक्टरला डोळ्यांचं काय सांगायचं, असं वाटलं.

*

दवाखान्याच्या मागच्या बाजूला लाइटची खोली होती. मलकप्पा नावाचा माणूस ती बघायचा. दुधनीकडचा होता, मराठी बोलताना मधूनच कानडी यायची. लोखंडी स्टँडवर दिवा. लावला की जांभळट निळा उजेड आणि वीज पडल्यावर येतो तसा एक वास. दिव्याला गाठ मारलेली दोरी होती. गाठ नाकाला टेकली की अंतर बरोबर. मग मलकप्पा काळा गॉगल डोळ्यांवर बांधायचा आणि घड्याळाकडे बघत सेकंद मोजायचा.

"हालू नका. गॉगल काडू नका. डोळं जात्यात बगा."

"किती वेळा सांगशील रे?"

"तुमी ऐकंपर्यंत की."

पहिल्या दोन आठवड्यांत कातडी सुटली, खालची नवी आली, वर उन्हात भाजल्यासारखा तपकिरी रंग चढला आणि त्याखाली लाली झाकली गेली. मला वाटलं, जमलं. पण चौदा वर्षं मी उजेडाचंच काम केलेलं. मलकप्पाचे सेकंद मला फार कमी वाटायला लागले. एक्स्पोजर कमी पडलं तर फोटो काय उठणार? अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, हे मी झोपेतही सांगितलं असतं. मलकप्पा पडद्यापलीकडे कुणाच्या गुडघ्याला शेक द्यायला गेला की मी खुर्ची पुढे सरकवायचो. दोरीची गाठ माझ्या छातीवर लोंबायची.

इथवरही कदाचित निभावलं असतं. घात केला तो गॉगलनं. त्याच्याखालची जागा उजेडातून सुटत होती. सगळा चेहरा तपकिरी आणि डोळ्यांभोवती दोन फिकट गोल, त्यात पापण्या लाल. अण्णा मला बघून पोट धरून हसले. "काय रे बाबा, घुबडाच्या घरी पाहुणा गेला होतास काय?"

ते हसले ते मायेनंच. पण माझं सगळं आयुष्य चेहऱ्याचा रंग एकसारखा करण्यात गेलेलं. गालाला एक छटा आणि डोळ्याखाली दुसरी, असा फोटो मी कधी टेबलावरून पुढे जाऊ दिला नव्हता. कुणी शिकाऊ तसा देता तर मी तो त्याच्या तोंडावर फेकला असता.

पुढच्या खेपेला मलकप्पा पडद्यापलीकडे गेल्यावर मी गॉगल वर सरकवला आणि डोळे मिटून घेतले. मिटलेले डोळे पुरे, असं धरलं. पापण्यांतून तांबडा उजेड दिसत होता. एकदा, फक्त एकदा, सगळीकडे सारखा पडतोय का ते बघायला मी डोळे किलकिले केले. मलकप्पाची पावलं वाजली तसा गॉगल खाली ओढला.

"झालं," तो म्हणाला.

*

ती सकाळची गोष्ट. दिवेलागणीला डोळ्यांत वाळू पडल्यासारखं व्हायला लागलं. वाळू नव्हे, ठेचलेली काच. पापणी उघडवेना, मिटवेना. पाणी गालांवरून वाहत होतं आणि गाल आगीसारखे. शालन फडकं भिजवून भिजवून धरत होती आणि विचारत होती, "काय केलं तुमी? तितं काय केलं?"

मी म्हणालो, "काही नाही. लाइट दिला."

लोकांचं म्हणे असलं दोन दिवसांत उतरतं. माझ्या डाव्या डोळ्याचं उतरलंही. उजव्यात मात्र बुबुळावर जखम झाली आणि ती वाढत गेली. आठव्या दिवशी अण्णांनी आम्हाला मिरजेच्या एसटीत बसवून दिलं. मंगळवेढ्याचा रस्ता मी डोळ्यांवर घडी धरून गेलो.

मिरजेला दोन्ही डोळे बांधले. अकरा दिवस. दर दोन तासांनी थेंब. ज्याचं सगळं काम डोळ्यांचं, त्याला अकरा दिवस नुसता कान म्हणून पडून राहावं लागलं तर काय होतं ते सांगता येत नाही. मी पलंगाच्या लोखंडावर बोटानं ठिपके भरत राहायचो. तिथली एक सिस्टर हात लावायच्या आधी म्हणायची, "मी आले हं, आता थेंब." बाकीच्या न सांगता पापणी ओढायच्या. तिचं तोंड मी कधी बघितलं नाही, पण देवाच्या आधी मी तिला हात जोडतो.

माहेरी लिहायला शालनकडे काही नव्हतं. तिच्या भावानं एकदाच पत्र पाठवलं, त्यात तिला माहेरी परत ये असं लिहिलेलं. तिनं ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "आता हे कुटं ठिवू? उशीखाली ठिवते, तुमाला टोचू द्या जरा."

*

मिरजेच्या डॉक्टर बाई होत्या. पट्टी सोडल्यावर त्यांनी आधी माझ्या डोळ्यांकडे नाही, गालांकडे बघितलं.

"चेहरा किती वर्षांपासून असा आहे?"

मी तोंड उघडायच्या आत शालन म्हणाली, "दुष्काळापासनं. चार वर्सं झाली की."

"सोलापूरच्या कागदावर तर सहा महिने लिहिलंय. फोटो पाहिले असंही लिहिलंय."

मग मी सांगितलं. पेन्सिल, दसरा, दोरी, गॉगल, सगळं. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही, ओरडल्याही नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या म्हणाल्या, या आजाराला रोझेशिया म्हणतात. दारूनं होत नाही, स्पर्शानं लागत नाही. तो डोळ्यांतही उतरतो, माझ्या डोळ्यांत तो आधीपासून होता. अशा डोळ्यांना तो उजेड म्हणजे जखमेवर मीठ. चार वर्षं कळली असती तर त्या डॉक्टरांनी हा लाइट दिलाच नसता. आता बुबुळावर फूल राहील, पांढरा डाग.

"आणि काम?" मी विचारलं.

"बारीक काम नाही. आता दुसरा डोळा सांभाळायचा आहे. मी देते त्या कॅप्सूल चालू ठेवायच्या, ऊन टाळायचं, चूल टाळायची, गार पाण्याची घडी ठेवायची."

म्हणजे माझं फडकं. त्या एका फडक्यासाठी मी एवढा फिरलो होतो.

बाहेर व्हरांड्यात शालन म्हणाली, "मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं, कदीपासनं हाय ते. रोज बगत हुते की मी. तुमीच तेवडं बगत न्हवता."

*

स्टुडिओत माझी खुर्ची रिकामी ठेवणं अण्णांना परवडणारं नव्हतं, आणि दुसरा माणूस आणणं त्यांच्या मनाला परवडेना. शेवटी शालनच बसली. सातवी शिकलेली, हात रांगोळीचा. मी शेजारी बसून तोंडानं शिकवलं. टोक कसं काढायचं, मीडियम किती लावायचं. "डाग दिसला की सोडायचा नाही," हे मी तिला इतक्यांदा सांगितलं की ती मला चिडवायची, "व्हय वो गुर्जी." वर्षभरात ती माझ्याहून हलकी पेन्सिल चालवायला लागली. मला आनंद झाला असं लोक समजतात. मला तिचा हेवा वाटायचा. अजून वाटतो.

आणि मी? मी काउंटरवर. चार वर्षं ज्या तोंडाला डार्करूममध्ये लपवलं ते घेऊन दरवाजाशी, भर उजेडात. नव्या नवऱ्या आत यायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि आईच्या मागे सरकायच्या. त्या वर्षीच्या दसऱ्याला मी फोटो काढून घेतला नाही.

मिरजेला सारखं जाणं होईना. बाईंनीच पत्रानं सुचवलं, सहा महिन्यांनी एक फोटो टपालानं पाठवा, पत्रात डोळ्याचं लिहा, मी औषध कळवीन. वर लिहिलं होतं, फोटो आहे तसा हवा. त्याखाली रेघ मारलेली होती.

यंदाच्या दसऱ्याला कॅमेऱ्याला हार घातल्यावर मी स्वतः जाऊन अण्णांसमोर बसलो. "आहे तसा काढा," म्हणालो. प्रिंट शालननंच केली आणि पाकीट तिनंच टाकलं. मी प्रिंट हातात घेतली होती. डाव्या डोळ्याला ठळक गोष्टी दिसतात, बारीक विरघळतात. चेहरा बरा वाटला. मला वाटलं, मी थोडा बरा होतोय.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. शालननं वाचलं. "फोटोवरून खूपच सुधारणा दिसते. कॅप्सूल बंद करायला हरकत नाही." ते वाक्य तिनं दोनदा वाचलं. मी तो आनंद समजलो. त्या दिवशी मी गिऱ्हाइकांशी गप्पा मारल्या. कॅप्सूल बंद केल्या.

महिना झाला. परवा डाव्या डोळ्यात वाळू आली. मग फोटोत सुधारणा कुठून आली?

आज सकाळी अण्णा यायच्या आधी मी निगेटिव्हचा डबा काढला. आमच्या धंद्यात निगेटिव्हला बोट लावणं म्हणजे गुन्हा. मी लावलं. गालाच्या जागी बोट चिकटलं. मीडियम. भिंग लावून खिडकीशी तिरकी धरली, तर गालांवर, नाकावर, डोळ्यांखाली पेन्सिलीची चकाकी. इतकी हलकी, इतकी सारखी, की माझ्या हातून असं काम कधी झालं नसतं.

शालन दारात उभी होती.

"मी ठरवून केलं न्हाय वो," ती म्हणाली. "समोर घिऊन बसले आन हात गेला. डाग दिसला की हात जातोच. तुमीच लावलेली सवय. मग वाटलं, एकदा तरी तुमचं तोंड..." तिनं निगेटिव्ह माझ्या हातातून काढून घेतली. "पत्र आलं तवाच सांगणार हुते. तुमी हसत हुता. लई दिसांनी हसत हुता."

सोलापूरच्या डॉक्टरांसमोर चार फोटो मांडून बसलेला माणूस मीच होतो. मला राग आला, भीती वाटली, आणि कुणीतरी माझा चेहरा इतक्या मायेनं भरत बसलं होतं हे कळून रडूही आलं. रडलं की डोळा जास्त चुरचुरतो, म्हणून आवरलं.

टर्पेंटाइनची बाटली तिच्यापुढे सरकवली. टर्पेंटाइननं मीडियम सुटतं, त्याबरोबर पेन्सिलही. ती खुर्चीवर बसली, कापसाचा बोळा केला आणि पुसायला लागली. नाक. उजवा गाल. डावा गाल. मी शेजारी गार फडकं डोळ्यावर धरून बसलो होतो. मग तिनं नवी प्रिंट केली, लटकवली, आणि वाळेपर्यंत माझं फडकं गार पाण्यात पुन्हा पिळून दिलं.

वाळलेली प्रिंट तिनं खिडकीशी नेली.

"लई वाईट दिसतंय वो," ती म्हणाली. पाच वर्षांत हे तिच्या तोंडून पहिल्यांदा आलं.

"तसाच पाठव," मी म्हणालो.

पाकिटावर पत्ता तिनं लिहिला. कॅप्सूल पुन्हा सुरू करू का, एवढं एकच वाक्य मी आत लिहिलं, मोठ्या अक्षरात. उत्तर यायला पुन्हा पंधरा दिवस लागतील. तोवर डावा डोळा बांधून ठेवायचा ठरवलंय, म्हणून हे सगळं आज, उजेड आहे तोवर, लिहून घेतलं.